पुसणे, खोडणे, नष्ट करणे : एका सूचनेचा इतिहास

१

जुन्या हस्तलिखित पोथ्या हाताळणाऱ्या अभ्यासकांना त्यांतील पिवळ्या डागांचा परिचय असतो. लेखनिकाच्या हातून चूक झाली की त्या अक्षरांवर हरताळ या पिवळ्या खनिजाचा लेप देण्याची पद्धत होती. लेप वाळला की त्यावर शुद्ध अक्षर लिहिता येई. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार या प्रथेतून आला. दुकाने बंद ठेवण्याच्या ‘हरताळा’शी त्याचे साम्य केवळ उच्चाराचे आहे. या प्रथेत चुकीचे अक्षर नाहीसे होत नसे, ते झाकले जाई. शिवाय लेप देणारा माणूस बहुधा तो मजकूर वाचणारा आणि समजणारा असे. काय पुसायचे, किती पुसायचे आणि का पुसायचे, हे त्याला कोणी लिहून द्यावे लागत नसे.

मराठीत या व्यवहारासाठी अनेक क्रियापदे आहेत आणि त्यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. खोडलेला शब्द रेघेखाली दिसत राहतो. पुसलेला शब्द दिसत नाही, पण पाटीवरची त्याची जागा मोकळी उरते. वगळलेले कडवे पुढच्या आवृत्तीत येत नाही, मागच्या आवृत्तीत मात्र ते असतेच. जाळलेले पत्र कोठेच उरत नाही. ‘काढणे’ हे क्रियापद तर परस्परविरुद्ध अर्थ वागवते. ‘कपाटातली जुनी पत्रे काढ’ म्हटले की पत्रे बाहेर येतात आणि ‘कपड्यावरचा डाग काढ’ म्हटले की डाग जातो. बोलणाऱ्याचा हेतू ऐकणाऱ्याला प्रसंगावरून कळतो, म्हणून या संदिग्धतेचा आपल्याला एरवी त्रास होत नाही.

‘डिलीट’ या शब्दाने ही सारी क्रियापदे आपल्या रोजच्या बोलण्यात एका बटणाखाली आणून ठेवली आहेत. आता त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. समाजमाध्यमांवरील आपल्या पोस्ट शोधणे, लपवणे, नष्ट करणे ही कामे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’कडे सोपवता येऊ लागली आहेत. एजंट म्हणजे भाषेतून दिलेली विनंती वाचून, हाताशी असलेल्या साधनांपैकी योग्य ते निवडून, काम पार पाडणारी आज्ञावली. या साधनांना ‘टूल’ म्हणतात आणि प्रत्येक टूलसोबत साध्या भाषेतले एक वर्णन जोडलेले असते. कोणते टूल कधी वापरायचे हे एजंट प्रामुख्याने त्या चार ओळी वाचून ठरवतो. या चार ओळी हा एक वाङ्मयप्रकार मानला, तर त्याचा पूर्वेतिहास काय, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांच्या आस्थेचा विषय का असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

यंत्रांच्या जगातले पुसणे सुरुवातीला हरताळासारखेच होते. छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मजकूर साठवला जाई तेव्हा चुकीचे अक्षर मिटवण्याचा मार्गच नव्हता, कारण एकदा पडलेले छिद्र बुजवता येत नाही. म्हणून त्या अक्षराच्या जागी सर्वच्या सर्व छिद्रे पाडली जात आणि अशी ओळ आली की ती वगळावी, असा संकेत ठरला. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या अक्षरसंकेतात ‘डिलीट’ला १२७ हा क्रमांक मिळाला. सात बिटांमध्ये लिहिलेल्या १२७ या संख्येत सातही एके असतात, म्हणजे सातही छिद्रे. संगणकाच्या वर्णमालेतले पुसण्याचे चिन्ह अशा रीतीने रिकामेपणाचे चिन्ह न होता पूर्ण भरलेले चिन्ह झाले.

पुसण्याच्या क्रियेचे शब्दांत वर्णन करण्याची खरी गरज पुढच्या टप्प्यावर निर्माण झाली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या नावाने ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची युनिक्सची पहिली नियमपुस्तिका निघाली. तीत प्रत्येक आज्ञेला एक पान होते आणि त्या पानाचा साचा ठरलेला होता : नाव, वापराचा नमुना, वर्णन, संबंधित आज्ञा, आणि ‘दोष’ असे स्वतंत्र शीर्षक. आपल्या साधनात काय उणे आहे हे साधनाच्या वर्णनातच सांगण्याची ही शिस्त आजही दुर्मीळ आहे.

त्या पुस्तिकेतली फाइल काढून टाकणारी आज्ञा म्हणजे ‘आरएम’. तिच्या वर्णनातला बारकावा विलक्षण आहे. ही आज्ञा फाइल नष्ट करते असे ते सरसकट म्हणत नाही. ती यादीतली नोंद काढते आणि ती त्या फाइलची शेवटची नोंद असेल तरच फाइल नष्ट होते. नाव जाणे आणि वस्तू जाणे या दोन घटना वेगळ्या आहेत, हे वर्णनकाराने ओळखले होते. शिवाय फाइल काढण्यासाठी त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागत नाही, ती ज्या यादीत आहे त्या यादीवर लिहिण्याची लागते, हेही तेथे सांगितले होते. काय जाते, कधी जाते आणि कोणाच्या अधिकाराने जाते, ही तिन्ही उत्तरे त्या मोजक्या ओळींत होती.

पुढे संगणक सामान्य घरांत आला. ॲपलच्या १९८३ सालच्या ‘लिसा’ आणि १९८४ सालच्या ‘मॅकिंटॉश’ या संगणकांनी कचऱ्याच्या टोपलीचे चित्र आणले. ‘विंडोज ९५’मध्ये ‘रीसायकल बिन’ आली. वर्णनाची जागा रूपकाने घेतली. टोपलीतला कागद पुन्हा उचलता येतो, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याबरोबर ‘तुम्हांला खात्री आहे का?’ असे विचारणारी चौकटही आली. नियमपुस्तिका न वाचणाऱ्या माणसासाठी ही दोन्ही योजना पुरेशी ठरली, कारण शेवटी बटण दाबणारा माणूसच होता.

३

बटण दाबणारा माणूस नसेल तर काय होते, याचा धडा २००५ सालीच मिळाला होता. त्या वर्षाच्या मे महिन्यात गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. वाचक एक पान वाचत असतानाच त्या पानावरील दुवे ती आधीच उघडून ठेवी, म्हणजे पुढचे पान झटकन समोर येई. हेतू निरुपद्रवी होता. परंतु काही संकेतस्थळांवर ‘डिलीट’ हासुद्धा एक साधा दुवाच होता. ‘३७सिग्नल्स’ या कंपनीच्या ‘बॅकपॅक’ या सेवेतील वापरकर्त्यांच्या नोंदी त्यामुळे नाहीशा होऊ लागल्या. ‘खात्री आहे का?’ ही चौकट दाखवण्याचे काम पानावरील वेगळ्या आज्ञावलीकडे होते. ॲक्सिलरेटर ती चालवतच नसे, म्हणून त्याच्यापुढे चौकट कधी आलीच नाही.

येथे दोष कोणाचा, यावर त्या वेळी बराच खल झाला. जून १९९९ मध्ये ठरलेल्या एचटीटीपीच्या नियमांत ‘गेट’, म्हणजे ‘आणून दाखव’, ही विनंती सुरक्षित असावी, तिने काही बदलू नये, असे स्पष्ट होते. पुसण्यासाठी त्याच नियमांत ‘डिलीट’ ही वेगळी विनंती होती. संकेतस्थळांच्या रचनाकारांनी पुसण्याच्या कृतीला ‘आणून दाखव’चे रूप दिले होते. माणूस दुव्यावरचा शब्द वाचून थांबे. यंत्र दुव्याचे रूप पाही, आणि ते रूप ‘हे उघडायला हरकत नाही’ असे सांगत होते. कृती एक आणि तिचे वर्णन दुसरेच, असा हा प्रकार होता. आपल्या ‘काढणे’ या क्रियापदातली फसगत यापेक्षा फार वेगळी नाही.

याच काळात समाजमाध्यमे उभी राहत होती. ट्विटर २००६ साली सुरू झाले. बाहेरच्या आज्ञावलींना ट्वीट पुसण्यासाठी त्याने जी सोय दिली, तिच्या नावात ‘डिस्ट्रॉय’, म्हणजे ‘नष्ट कर’, हा शब्द होता. ती वापरली की नष्ट झालेल्या ट्वीटचा मजकूर उत्तरादाखल परत येई. काय गेले याची ती पावती होती. पुढच्या आवृत्तीत ‘डिलीट’ आले आणि उत्तरात केवळ ‘पुसले : खरे’ एवढाच शेरा उरला. तांत्रिकदृष्ट्या हा बदल किरकोळ आहे. परंतु चुकीचे ट्वीट पुसले गेले तर पहिल्या पद्धतीत ते कळण्याचा आणि निदान मजकूर वाचवण्याचा मार्ग होता, दुसऱ्या पद्धतीत तो राहिला नाही.

‘पुसणे’ या एकाच शब्दाखाली प्रत्येक माध्यमाने वेगळा व्यवहार ठेवला आहे. फेसबुकने २०२० साली जुन्या पोस्ट एकगठ्ठा हाताळण्याची सोय दिली, तेव्हा ‘अभिलेखात ठेवणे’ आणि ‘कचऱ्यात टाकणे’ असे दोन मार्ग ठेवले. कचऱ्यातली पोस्ट ३० दिवसांनी कायमची जाते. मॅस्टोडॉनसारखी माध्यमे ज्या संकेतावर चालतात, तो ‘ॲक्टिव्हिटीपब’ संकेत २०१८ साली प्रमाणित झाला. त्यात पुसलेल्या पोस्टच्या जागी ‘टूम्बस्टोन’, म्हणजे थडग्यावरची शिळा, ठेवण्याची तरतूद आहे. येथे काही होते आणि आता ते नाही, एवढेच ती सांगते. शिवाय तेथील पुसणे ही इतर संगणकांना केलेली विनंती असते. त्यांनी ती मानली नाही तर प्रत तेथे उरते.

पुसलेले खरोखर कोणाचे, हा प्रश्नही या काळात ऐरणीवर आला. राजकारण्यांनी पुसलेले ट्वीट जतन करणारा ‘पॉलिटवूप्स’ हा उपक्रम २०१० साली नेदरलँड्समध्ये सुरू झाला आणि अनेक देशांत पसरला. २०१५ साली ट्विटरने त्याची वाट बंद केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा मोकळी करण्याचे मान्य केले. दुसऱ्या बाजूला युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या विदासंरक्षण नियमांच्या १७व्या कलमाने नागरिकाला आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला, आणि भारताच्या संसदेने २०२३ साली संमत केलेल्या कायद्यातही अशा हक्काची तरतूद आहे. पुसणे हा हक्क आहे आणि काही वेळा ती लबाडीही आहे. क्रियापद मात्र दोहोंसाठी एकच वापरले जाते.

४

या पार्श्वभूमीवर टूलवर्णन नावाचा नवा प्रकार अवतरला. जून २०२३ मध्ये ओपनएआयने आपल्या भाषा-प्रतिमानांना बाहेरची कार्ये बोलावण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत मांडला. दोन्हींत प्रत्येक टूलला नाव, भाषेतले वर्णन आणि लागणाऱ्या माहितीचा साचा असतो. वापरकर्त्याची विनंती आणि हे वर्णन शेजारी ठेवून प्रतिमान निर्णय घेते.

वर्णन हे वरवर पाहता माहितीपर वाक्य आहे. परंतु ते वाचणाऱ्याच्या बाबतीत वाचणे आणि करणे यांत फारसे अंतर उरत नाही. विधान आणि कृती यांचे नाते जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांमुळे आपल्या अभ्यासक्रमांत आले आहे. या प्रकाराला मात्र आपली जुनी मीमांसा अधिक जवळची वाटते. मीमांसकांनी वेदवाक्यांचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच भाग केले. टूलवर्णनात नामधेय असतेच, विधीही असतो. ‘सोपे’, ‘जलद’, ‘शक्तिशाली’ असा अर्थवादही पुष्कळदा असतो. निषेध मात्र बहुधा नसतो. काय करू नये हे कोणीच लिहिलेले नसते.

दोन नमुने घेऊन पाहू. पहिला असा :

‘पोस्ट डिलीट करण्यासाठी हे टूल वापरा.’

व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. आता एखाद्या वापरकर्त्याने एजंटला सांगितले, ‘गेल्या दिवाळीच्या पोस्ट काढ.’ त्याला फराळाची छायाचित्रे पुन्हा पाहायची असतील, किंवा ती नको असतील. वर्णनातले काहीही एजंटला थांबवत नाही. एक पोस्ट की अनेक, परत मिळणारी की न मिळणारी, स्वतःची की समूहाच्या पानावरची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तेथे नाही. आता दुसरा नमुना :

‘वापरकर्त्याच्या स्वतःच्या खात्यावरील एकच पोस्ट कायमची नष्ट करते. पोस्टचा नेमका क्रमांक द्यावा लागतो. नष्ट झालेली पोस्ट आणि तिच्याखालचे प्रतिसाद परत आणता येत नाहीत. पोस्ट केवळ इतरांच्या नजरेआड करायची असेल तर “पोस्ट लपवा” हे टूल वापरावे. जुन्या पोस्ट शोधून दाखवण्यासाठी हे टूल नाही. वापरण्यापूर्वी पोस्टचा मजकूर व तारीख वापरकर्त्याला दाखवून होकार घ्यावा. अनेक पोस्ट असल्यास पूर्ण यादी एकदम दाखवावी. क्रमांक सापडला नाही तर तसे कळवावे, दुसरा क्रमांक वापरून पाहू नये. इतरांनी घेतलेल्या प्रती या टूलने नष्ट होत नाहीत.’

हे गद्य रूक्ष आहे. परंतु त्यातले प्रत्येक वाक्य एका संभाव्य चुकीला उत्तर देते. ‘एकच’ हा शब्द एका आज्ञेत सारे खाते साफ होण्याची शक्यता बंद करतो. ‘कायमची’ हे विशेषण टोपलीचे रूपक नाकारते. लपवण्याच्या टूलचा उल्लेख दोन क्रियापदांतला भेद जागेवर आणतो. युनिक्सच्या पानावरील ‘संबंधित आज्ञा’ हे शीर्षक हेच काम करत होते. शोधण्याचा निषेध ‘काढणे’मधली संदिग्धता सोडवतो. अखेरचे वाक्य तर ‘दोष’ या जुन्या शीर्षकाचेच वारस आहे. आपल्या साधनाला काय जमत नाही हे ते सांगते, म्हणजे एजंट वापरकर्त्याला खोटे आश्वासन देणार नाही.

अशी वर्णने पुरेशी नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च २०२५ च्या आवृत्तीत टूलला ‘केवळ वाचणारे’, ‘विध्वंसक’, ‘पुन्हा केले तरी परिणाम तोच’ अशा खुणा जोडण्याची सोय आली. बदल करणाऱ्या टूलबद्दल काहीच सांगितले नसेल तर ते विध्वंसक असू शकते असे समजावे, हा तेथील संकेत शहाणपणाचा आहे. पण या खुणा केवळ सूचक असून अविश्वासू स्रोताकडून आल्यास त्यांवर विसंबू नये, असेही तोच संकेत बजावतो. म्हणून एजंटला मुळात किती अधिकार द्यायचा, पुसण्यापूर्वी प्रत ठेवायची का, हे आज्ञावलीतच ठरले पाहिजे. तरीही अधिकाराच्या कुंपणाच्या आत कोणती कृती निवडायची हा निर्णय शब्दांवरूनच होतो, आणि तेथे मोघम वर्णनाची भरपाई दुसरे काही करू शकत नाही.

५

हा सारा खटाटोप कशासाठी, असे विचारले तर दोन घटनांकडे बोट दाखवता येईल.

ऑगस्ट २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित यंत्रणेने हिंसक अतिरेकी प्रचार हटवताना सीरियातील युद्धाच्या हजारो चित्रफिती काढून टाकल्या. त्यांतल्या कित्येक फिती अत्याचारांची नोंद ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या आणि संस्थांच्या होत्या. बाँबफेकीचा प्रचार आणि बाँबफेकीचा पुरावा दिसायला सारखेच असतात; त्यांतला भेद संदर्भात असतो. काही फिती पाठपुराव्यानंतर परत आल्या. परंतु ज्यांची मूळ प्रत कॅमेऱ्यासह नष्ट झाली असेल, त्यांच्यासाठी यूट्यूबवरची प्रत हीच अखेरची नोंद होती. ‘आरएम’च्या वर्णनातले वाक्य येथे आठवते : शेवटची नोंद गेली की वस्तू जाते.

दुसरी घटना ऑगस्ट २०२१ मधली, काबूलची. तालिबानने शहर ताब्यात घेतले तेव्हा परदेशी संस्थांबरोबर काम केलेल्या अनेक अफगाण नागरिकांनी घाईघाईने आपल्या जुन्या पोस्ट आणि छायाचित्रे पुसायला घेतली. एक छायाचित्र जिवावर बेतू शकत होते. अशा वेळी एकेका पोस्टपाशी थांबून होकार मागणारे साधन निरुपयोगीच नव्हे, तर घातक ठरले असते. फेसबुकने त्या दिवसांत अफगाणिस्तानातील वापरकर्त्यांसाठी एका कळीत खाते कुलूपबंद करण्याची सोय दिली. मित्र नसलेल्यांना त्या खात्यावरील मजकूर दिसेनासा होई. येथे निवडलेले क्रियापद ‘नष्ट करणे’ नव्हते, ‘बंद करणे’ होते. कृती तत्काळ होती आणि पुढे परत फिरवता येणारीही होती.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की सावधगिरी हाच उपाय आहे, ही समजूत टिकत नाही. सीरियात घाई नडली, काबूलमध्ये दिरंगाई नडली असती. दोन्हीकडे प्रश्न नेमके कोणते क्रियापद हवे, हा होता. आणि ते कळायचे तर साधनाच्या वर्णनात क्रियापदे एकमेकांपासून वेगळी ठेवलेली असली पाहिजेत. ‘लपवणे’, ‘कुलूपबंद करणे’, ‘कचऱ्यात टाकणे’ आणि ‘नष्ट करणे’ ही चार टूल स्वतंत्र असतील, प्रत्येकाचा परिणाम सांगितलेला असेल, तर घाईतही योग्य ते निवडता येते.

समानार्थी म्हटल्या जाणाऱ्या शब्दांतला भेद दाखवणे हे भाषेच्या वर्गात आपण नेहमीच करत आलो आहोत. पाठचिकित्सा शिकवताना खोडलेला, वगळलेला आणि गहाळ झालेला पाठ वेगळा मोजावा लागतो, हेही विद्यार्थ्यांना सांगतो. हे ज्ञान परीक्षेपुरते असल्याची खंत अनेकदा व्यक्त होते. पुढच्या काळात मराठी माणसे आपल्या भाषेत एजंटांना कामे सांगतील आणि ‘काढ’ म्हटल्यावर काय घडावे, हे कोणी तरी आधी लिहून ठेवलेले असेल. ते लिहिणाऱ्यांमध्ये क्रियापदांची पारख असलेली माणसे असतील की नाही, हा प्रश्न मराठी विभागांनीही आपला मानायला हवा.